अक्कांचं जातं आणि आमचं मार्बल

गेल्या श्रावणापर्यंत आमच्या घरी पाहुणा आला की त्याला प्यायच्या पाण्याआधी पाण्याचा थेंब दाखवला जायचा. दाखवायचे आमचे यजमान. पाहुण्याने दारात चपला काढल्या की हे त्याला हॉलच्या मधोमध उभं करायचे आणि चमच्याने पांढऱ्या फरशीवर एक थेंब सोडायचे. थेंब टम्म फुगून जागच्या जागी उभा राहायचा. "बघा," हे म्हणायचे, "आत जात नाही." पाहुणा बघायचा. जळगावच्या उन्हातून आलेला, घसा कोरडा पडलेला माणूस त्या थेंबाकडे कुठल्या नजरेने बघत असेल ते मी सांगायला नको. मी आतून तांब्या-भांडं घेऊन यायचे तोवर हे दुसऱ्या थेंबाच्या तयारीत असायचे.

यांची सगळी नोकरी कालव्यांवर गेली. पाणी झिरपू नये म्हणून यांना पगार मिळत होता आणि पाणी जिथे झिरपायचं तिथे बिनबोभाट झिरपत होतं. त्याचं खापर यांच्यावर फोडण्यात अर्थ नाही. खेकडे, उंदीर, बाभळीची मुळं आणि रात्रीच मोटार लावणारी माणसं यांच्यापुढे एकटा माणूस काय करणार? पण निवृत्त होताना माणसाच्या मनात काहीतरी राहून जातं. कुणाचं तीर्थाटन राहतं, कुणाची शेती राहते. यांची एक जागा कोरडी ठेवायची हौस राहिली होती. ती त्यांनी आमच्या नव्या घराच्या हॉलमध्ये फेडून घेतली.

मला मार्बल नकोच होतं. माझं माहेर धुळ्याचं. तिथे आमच्या घरात शहाबादी फरशी होती. तिच्यावर आम्ही पापड लाटले, खडूने गणितं सोडवली, गव्हाच्या राशी ओतल्या, आजारी पडलो की उन्हाळ्यात गाल टेकून झोपलो. तिला कुणी कधी काही लावलं नाही. ती काळवंडत गेली, आम्हीही काळवंडत गेलो, कुणाची कुणाविरुद्ध तक्रार नव्हती. हे मी यांना सांगितलं तेव्हा यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू शेणाने सारवायचा आग्रह धरला आहे.

मार्बल बसलं आणि मागोमाग ते सील करणारा माणूस नाशिकहून आला. हातात मोजे, तोंडाला पट्टी, बोलणं एखाद्या डॉक्टरचं. "मॅडम, नॅचरल स्टोन जिवंत असतो," तो म्हणाला. "त्याला बारीक छिद्रं असतात. तो श्वास घेतो."

"मग तुम्ही काय करणार?"

"छिद्रं बंद करणार."

"म्हणजे त्याचा श्वास?"

तो म्हणाला, की हे श्वास घेऊ देणारं सीलर आहे. पाणी आत जात नाही, तेल आत जात नाही, हळद आत जात नाही, हवा मात्र जाते. यांना हे इतकं पटलं की सगळं काम होईपर्यंत हे त्या माणसाच्या मागे मागे गुडघ्यावर रांगत होते. लग्नात सप्तपदीलासुद्धा हे इतक्या भक्तीने चालले नव्हते.

त्यानंतर आमच्या घरात राहायचे नियम झाले. हळदीचा डबा ओट्यावरून खाली उतरायचा नाही. कच्ची केळी घरात चिरायची नाहीत, कारण केळीचा चीक दगडावर पडला की तपकिरी डाग पडतो आणि तो माणसाच्या आधी जात नाही. जळगावात राहून केळी घराबाहेर ठेवायची म्हणजे काय ते तुम्हीच समजा. वांग्याचं भरीत गच्चीवर करायचं, गच्चीवरच खायचं, तेलकट हात गच्चीवरच्या नळाला धुवून मगच खाली यायचं. लोकांना वाटायचं आमच्याकडे पार्टी चालते. लिंबू मात्र आमच्या हातून निसटलं. एका जावयाने उसळीवर लिंबू पिळलं, दोन थेंब खाली पडले आणि तिथली चकाकी गेली. हे त्या सीलवाल्याला फोन लावून बसले. तो म्हणाला, "सर, तो डाग नाहीच. डागापासून आपलं प्रॉडक्ट वाचवतं. तिथे दगडच खाल्ला गेलाय." त्या खुलाशाने यांचं समाधान झालं. मला मात्र तो डाग नसलेला डाग रोज दिसायचा.

सगळ्यांत मोठा नियम पेपरचा होता. जिथे माणूस जास्त वावरतो तिथे फरशीवर वर्तमानपत्रं अंथरलेली असायची. सोफ्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत पेपर, टेबलापासून देवघरापर्यंत पेपर. आजचा पेपर आला की तो सरळ खाली जायचा. बातमी वाचायची तर ओणवं व्हावं लागे, आणि उरलेला मजकूर दुसऱ्या पानावर असला तर देवघरापर्यंत चालत जावं लागे.

अशा घरात गेल्या वर्षी माझ्या सासूबाई राहायला आल्या. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. भडगावजवळच्या खेड्यात त्या माझ्या धाकट्या दिरांकडे होत्या. दिरांचं सगळं बिऱ्हाड मुलाच्या कामासाठी सुरतेला गेलं, आणि सुरतेच्या चौथ्या मजल्यावर जायला अक्का तयार झाल्या नाहीत. मग त्या आमच्याकडे आल्या. सोबत एक कापडी थैली, कानबाईच्या सामानाची पत्र्याची पेटी आणि गोणपाटात गुंडाळलेलं जातं.

कानबाई म्हणजे काय हे खानदेशाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. श्रावणातल्या एका रविवारी नारळाला नथ-डोळे लावून, दागिने घालून देवी म्हणून चौरंगावर बसवतात, भोवती केळीचे खांब लावतात आणि सोमवारी वाजत-गाजत नदीवर पोचवतात. भाऊबंद सगळे एका घरी जमतात. घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने गहू घेतात आणि त्याच पिठाचे रोट होतात. कुणी ते पीठ चक्कीतून आणतात. आमच्या अक्कांच्या घरी मात्र ते जात्यावरच दळलं गेलं पाहिजे. सून म्हणून आल्यापासून दरवर्षी ते अक्कांनी दळलं होतं.

आल्या दिवशी त्या दारात थांबल्या. समोर पांढरं चकचकीत मैदान आणि मधून पेपरांची वाट.

"बाई, पाय कोठे ठेवू मी?" त्यांनी मला विचारलं.

"कुठेही ठेवा, अक्का, घर तुमचंच आहे," मी म्हणाले.

"पेपरवर ठेव," हे आतून म्हणाले.

त्या पेपरवरून चालत आत गेल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुढच्या व्हरांड्यातली प्लॅस्टिकची खुर्ची आपली मानली. जेवायला बोलावलं की यायच्या, आंघोळीला जायच्या, बाकी वेळ तिथेच. कमरेत वाकून फरशीला हात लावायच्या आणि तोच हात पदराला पुसायच्या, आपणच काहीतरी घाण केली असावी तशा. त्यांची थैली पलंगाशी तशीच बांधून ठेवलेली होती. कपाटाचा एक खण मी रिकामा करून दिला होता, तो रिकामाच राहिला. रोज थैलीची गाठ सोडून त्या एक लुगडं काढायच्या, रोज गाठ मारायच्या. मला ते बघून वाईट वाटायचं आणि यांचा रागही यायचा. हे म्हणायचे, "म्हाताऱ्या माणसाला सवय व्हायला वेळ लागतो." घराला माणसाची सवय व्हायला किती वेळ लागतो याचा विचार यांनी केला नव्हता.

एक दिवस व्हरांड्यात भाजी निवडताना अक्का मला म्हणाल्या, "यंदा कानबाई आठेच बसाडसूत. मना हाते दयन व्हयनं म्हंजे माले चिंता नही." मग म्हणाल्या, "देवी बठनी म्हंजे घर आपलं व्हस." हे त्यांनी मेथीच्या जुडीकडे बघत सांगितलं. पण मला कळलं की कानबाई इथे बसेपर्यंत आणि तिचं दळण त्यांच्या हातून होईपर्यंत थैलीची गाठ सुटायची नाही.

यांना मी हे सांगितलं तेव्हा हे खूश झाले. आईवर यांचं प्रेम आहे, त्यात खोट नाही. फक्त यांचं प्रेम आधी मोजमाप घेतं. संध्याकाळी यांनी हॉलचा नकाशा काढला. चौरंगाखाली रबराची चटई. केळीच्या खांबांची बुडं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून दोरा. समईऐवजी बॅटरीवरचा दिवा, कारण तेल. बायकांना हळदीकुंकू व्हरांड्यात. फुगडी गच्चीवर.

"आणि देवी?" मी विचारलं. "ती बाहेरच्या खुर्चीत बसेल का?"

यांनी थोडा वेळ विचार केला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

श्रावण लागल्यावर अक्कांना धरणगावला त्यांच्या बहिणीकडे जायचं होतं. मी त्यांना घेऊन गेले. दोन्ही बहिणी शेणाने सारवलेल्या ओसरीवर पाय पसरून बसल्या, कपाशीच्या गोष्टी झाल्या, मेलेल्यांच्या झाल्या. अक्का इतक्या मोकळेपणी हसल्या की आमच्या घरी त्या हसल्याच नव्हत्या हे माझ्या तिथे लक्षात आलं. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही परत आलो तर हे दारातच उभे. चेहरा असा की काहीतरी विकत घेतलंय.

"अक्का, तुझ्यासाठी एक गंमत," हे म्हणाले.

हॉलच्या मधोमध, रबराच्या चटईवर, जातं ठेवलेलं होतं. ते काळंभोर चमकत होतं. खुंटासुद्धा पॉलिशचा झाला होता. यांनी त्या सीलवाल्याला खास बोलावून घेतलं होतं. जात्याची कच पिठात पडते, ती पोटाला वाईट. दगड कच्चा, तो मार्बलवर काळं सोडेल. म्हणून त्या माणसाने जात्याचे दोन्ही दगड आतून-बाहेरून मशीनने घासून गुळगुळीत केले आणि वरून सीलरचे हात मारले. "आता त्याला काही लागणार नाही," हे म्हणाले. "तुझ्यानंतरही टिकेल." आणि खिशातला चमचा काढून यांनी वरच्या दगडावर थेंब सोडला. थेंब टम्म उभा राहिला.

जात्याला टाकी लावतात हे मी धुळ्याला पाहिलं होतं. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की टाकीवाली बाई छिन्नीने त्यावर बारीक खड्डे पाडायची, म्हणजे धान्य पकडलं जाईल. दगड खरबरीत असतो म्हणूनच पीठ पडतं. जन्मभर कालव्याची गळती मोजलेल्या माणसाला हे माहीत नसावं, आणि तेही शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या, याला मी काय म्हणू? यांनी लहानपणी आईच्या मांडीवर झोपून ते जातं ऐकलं होतं, इतकंच. त्याच्या आत काय आहे हे कधी पाहिलं नव्हतं.

अक्का खाली बसल्या. पेपरवर नाही, नुसत्या फरशीवर, कारण त्या गडबडीत कुणाला भान नव्हतं. त्यांनी वरचा दगड उचलायला लावला आणि आतून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"हाई काय करं भाऊ?" त्या म्हणाल्या. मुलाला त्या भाऊच म्हणतात. मग यांचा चेहरा बघून म्हणाल्या, "चमकस तं भारी."

शनिवारी सकाळी दळायचं होतं. अक्का न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून बसल्या. पहिला घास घातला आणि खुंटा फिरवला. जातं अगदी सुरेख फिरलं. आवाज नाही, जोर नाही, एका बोटाने फिरेल असं. कडेने गहू बाहेर आले. गहूच आले. अख्खे, धुतल्यासारखे, एखाददुसरा मोडलेला. अक्कांनी ते गोळा करून पुन्हा घातले. पुन्हा गहू. हे शेजारी उभे राहून म्हणाले, "सुरुवातीला असं होत असेल."

"याले दात ऱ्हायनात नही, भाऊ," अक्का म्हणाल्या.

हे लगेच म्हणाले, चक्कीवरून दळून आणतो, दहा मिनिटांचं काम. अक्कांनी मान हलवली. "चक्कीवर बठ्ठा गावनं दयन पडस. रोटनं पीठ घरनंच लागस." त्या अजिबात चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी परातीतले गहू परत डब्यात भरले आणि झाकण लावलं. "ऱ्हाऊ दे मंग. कानबाई तठे गावले भाऊबंदकडे बठू दे. अन् मालेबी तठेच सोडी ये. आठे मी पाहुनीच शे."

एवढं बोलून त्या पेपरच्या वाटेने, एकही पाय बाहेर न पडू देता, व्हरांड्यात खुर्चीवर जाऊन बसल्या. पाऊस लागला होता आणि व्हरांड्यात शिंतोडे येत होते. मी आत या म्हटलं तर म्हणाल्या, ओली झाले, आता आत नको, डाग पडेल.

त्या वेळी मी यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरात थेंब जाऊ नये म्हणून इतकी वर्षं धडपडलात, आता आई बाहेर बसली आहे पावसात, तिच्यावर पण सीलर मारून घ्या, असं काहीतरी बोलले. पहिल्यांदा यांनी सीलवाल्याला फोन लावला, सीलर काढायचं कसं विचारायला. मोबाइल स्पीकरवर होता. "सर, आपल्या प्रॉडक्टची ताकदच तीच आहे, निघत नाही," तो आनंदाने म्हणाला. "काढायचं वेगळं केमिकल आहे. मंगळवारी येतो." कानबाई रविवारी. मग हे टाकीवालीच्या शोधात निघाले. पूर्वी गल्लीतून ओरडत जायच्या त्या बायका आता कुठे असतात हे कुणालाच सांगता येईना. तासाभराने हे भिजून परत आले ते हार्डवेअरच्या दुकानातून, हातात छिन्नी आणि हातोडी घेऊन. दुकानदाराने कशाला म्हणून विचारलं तेव्हा यांनी सांगितलं होतं, फरशीच्या कामाला.

गच्चीवर पाऊस, व्हरांड्यात पाऊस. कोरडी जागा एकच होती, आणि तीच आम्ही इतकी वर्षं जपली होती. यांनी हॉलमध्ये चटईवर सतरंजी, सतरंजीवर चादर अशी जय्यत तयारी केली आणि वर जात्याचा दगड ठेवला. पहिल्या घावाला छिन्नी घसरली आणि दगड बाजूला सरकला. दुसऱ्या घावाला तेच. व्हरांड्यातल्या खुर्चीतून अक्का बघत होत्या. चौथ्या-पाचव्या घावाला त्यांना राहवलं नाही.

"खाले कपडा नको टाकू," त्या बाहेरून म्हणाल्या. "दगड नाचस."

यांनी अक्कांकडे पाहिलं, मग फरशीकडे. चादर काढली, सतरंजी काढली. चटईवर हात ठेवून हे जरा थांबले. मी चटईचं एक टोक धरून ओढलं. हे बाजूला सरकले. मग जात्याचा दगड यांनी नुसत्या मार्बलवर ठेवला, मांडी घातली आणि हातोडी उचलली. घर झाल्यापासून हे त्या फरशीवर कधी बसले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

टाकी लावण्यातलं आम्हा तिघांनाही काही येत नव्हतं. मला टाकीवाल्या बाईच्या हातातल्या बांगड्या आठवत होत्या, खड्डे कसे होते ते आठवत नव्हतं. अक्कांनी आयुष्यभर जातं ओढलं, पण टाकी लावताना त्या नेहमी शेतात असायच्या. त्यांना फक्त आवाज माहीत होता, नीट लागलेल्या जात्याचा. हे मधल्या भोकापासून कडेकडे ओळी पाडायला लागले, त्या कालव्याच्या नकाशासारख्या दिसू लागल्या. घाव जोरात बसला की कच उडायची, चष्म्यावर, सोफ्यावर, पेपरांवर. अक्का कधी आत आल्या मला कळलं नाही. ओल्या पायांनीच आल्या आणि यांच्या शेजारी बसल्या.

"हयू मार, भाऊ," त्या म्हणाल्या. "तो दगड शे, कालवा नही."

हे हसले. हसता हसता हात चुकला, छिन्नी दगडावरून सटकली आणि खाली मार्बलवर लागली. टक् असा आवाज झाला. बोटाच्या पेराएवढा टवका उडाला. आम्ही तिघंही त्या टवक्याकडे बघत राहिलो. यांचा हात तसाच वर होता. मला वाटलं, आता हातोडी खाली ठेवतील आणि चमचा काढतील. यांनी तो टवका उचलला, बाजूला ठेवला आणि पुन्हा जात्यावर घाव घालायला सुरुवात केली.

दोन्ही दगड झाले तेव्हा दुपार टळली होती. मग विटेच्या तुकड्याने घासणं, तारेच्या ब्रशाने घासणं, कढत पाण्याने धुणं. केमिकलचा एक कणही राहायला नको म्हणून हे असे घासत होते की सीलवाल्याने पाहिलं असतं तर रडला असता. टाकी लावल्यावर पहिलं दळण कचीचं असतं, म्हणून आधी ज्वारी घातली. राखाडी भरड पडली, ती कुंडीत टाकली. पुन्हा घातली, पुन्हा टाकली. तिसऱ्या वेळी पांढरं पीठ पडलं. अक्कांनी चिमूट बोटांत चोळून पाहिली, जिभेवर ठेवून पाहिली.

तेव्हा यांनी, सवयीने असेल, खिशातून चमचा काढला आणि उघड्या खालच्या दगडावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब क्षणभर टेकला आणि पसरून आत गेला. नुसती काळसर ओल राहिली. हे तिच्याकडे बघत राहिले. यांच्या उभ्या आयुष्यात पाणी झिरपलं म्हणून आनंद व्हायची ती पहिलीच वेळ असावी.

"दगडनी पानी पी लिधं," अक्का म्हणाल्या. "आते बठसू मी दयाले."

त्या न्हाऊन आल्या आणि दळायला बसल्या. अंगात जोर पूर्वीचा राहिला नाही, म्हणून दुसऱ्या बाजूने खुंटा मी धरला. जात्याचा आवाज त्या मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये घुमत होता. हे सोफ्यावर बसून ऐकत होते, मग बसल्या जागी झोपी गेले, तोंड उघडं टाकून. अक्का दळता दळता यांच्याकडे बघून म्हणाल्या, लहानपणी असाच निजायचा.

रविवारी कानबाई बसली. भाऊबंद आले, बायका आल्या, पोरं आली. केळीच्या खांबांच्या बुडाला पिशव्या नव्हत्या, चीक फरशीवर उतरला. समईतलं तेल सांडलं. एका काकूंनी देवीसमोर हळदीच्या हाताने फरशीला टेकून नमस्कार केला, पाचही बोटं उमटली. फुगडी गच्चीवर झाली नाही. रोट, पुरण, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, सगळं हॉलमध्येच पंगत मांडून झालं. एका पाहुण्याने यांना विचारलं, "तो थेंब दाखवायचे ना तुम्ही?" हे म्हणाले, आज पाणी प्यायला ठेवलंय. इतक्या वर्षांत यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य.

सोमवारी देवी पोचवून आलो. घरात आवाज नव्हता. फरशीकडे बघवत नव्हतं, आणि खरं सांगते, मला ती पहिल्यांदाच आवडली. हे व्हरांड्यात जाऊन अक्कांसाठी गाडी कधी काढायची ते विचारणार होते, कारण शनिवारी त्या गावी सोडून ये म्हणाल्या होत्या आणि ते शब्द त्यांनी मागे घेतले नव्हते. दिवसभर आम्ही दोघंही तेच टाळत होतो. थैली पलंगाशी बांधलेलीच होती, मी सकाळीच पाहिलं होतं.

अक्का व्हरांड्यात नव्हत्या. त्या हॉलमध्ये खाली बसल्या होत्या, पाय पसरून, टवका उडाला होता त्याच्या जवळ. देवीच्या खांबांबरोबर आलेला कच्च्या केळ्यांचा घड पुढ्यात होता आणि त्या विळीवर भाजीसाठी केळी चिरत होत्या. चीक विळीवरून ओघळत होता. खाली पेपर नव्हता. यांना दारात बघून त्यांचा हात थांबला.

"आठे डाग पडी, भाऊ," त्या म्हणाल्या.

हे सोफ्याजवळ गेले, खाली अंथरलेला कालचा पेपर उचलला, झटकला आणि वाचायला उघडला.

"पडू दे व माय," हे पेपरामागून म्हणाले.

अक्कांनी केळं विळीवर धरलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बाई, मनी थैली खाली करी टाक. कपडा कपाटमा ठेवी दे."